गोळीच आहे, इंजेक्शन थोडीच आहे!

डिसेंबर उजाडला की ठाण्यात वर्तकनगर, लोकमान्यनगरच्या बाजूला बॉडीबिल्डिंगच्या 'श्री' स्पर्धांचे बॅनर झळकायला लागतात आणि त्याच सुमारास आमच्या लॅबमध्ये अशी पोरं यायला लागतात ज्यांच्या दंडाला बांधायचा पट्टा पुरत नाही. मी डॉक्टर नाही, रक्त काढतो आणि मशीन चालवतो, पण वीस वर्षं ट्यूबा बघून थोडंफार कळतं.

गेल्या सीझनला एक तेवीसेक वर्षांचा पोरगा आला. सेंट्रीफ्यूजमधून ट्यूब काढली की खाली लाल पेशी बसतात आणि वर सिरम राहतं, नेहमीचं सिरम वाळलेल्या गवताच्या रंगाचं असतं, याचं मात्र थेट हळद कालवल्यासारखं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य, १८, जे साधारण १ च्या आसपास हवं. गंमत म्हणजे एसजीपीटी, लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, जेमतेम दुप्पट, म्हणजे नुसतं तेवढंच बघितलं असतं तर कुणी फार मनावर घेतलं नसतं. पोरगा मात्र सारखा तळहात खाजवत होता, म्हणाला दोन आठवडे रात्री झोप नाही, तळपायाला नुसती आग.

काही खातोस का विचारलं तर म्हणाला, प्रोटीन फक्त.

आता यात बॉडी बनवायच्या स्टिरॉइडच्या गोळीचं विज्ञान काय ते सांगतो, कारण जिममध्ये सर्रास समज आहे की इंजेक्शन म्हणजे डेंजर आणि गोळी म्हणजे हलकं काहीतरी. लिव्हरच्या बाबतीत हे बरोब्बर उलटं आहे. आपण गिळलेलं जे काही आतड्यातून रक्तात जातं ते पोर्टल व्हेन नावाच्या शिरेने आधी लिव्हरमध्ये पोचतं, मग बाकीच्या अंगात. पूर्वीचा जकात नाका आठवा, गाडी गावात शिरायच्या आधी थांबणारच. साधं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, गिळलं तर लिव्हर तिथल्या तिथे त्याचा बहुतेक भाग मोडून टाकतं, उपयोग जवळपास शून्य. मग केमिस्ट लोकांनी काय केलं, रेणूच्या १७ नंबरच्या कार्बनला एक छोटासा मिथाइल गट चिकटवला, आता लिव्हरला ते सहज मोडता येईना. डी-बॉल, विनी, ॲनावार, जिममध्ये चालणारी ही सगळी स्टिरॉइडं त्याच घरातली. सीबा कंपनीने डी-बॉल अमेरिकेत १९५८ मध्ये आणलं. विनी म्हणजे स्टॅनोझोलॉल, तेच ज्याच्यामुळे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचं १०० मीटरचं गोल्ड गेलं.

म्हणजे लिव्हरला चुकवणं हाच या गोळीचा गुण, आणि तोच तिचा दोष. लिव्हरच्या पेशींमधून पित्त बाहेर पडायची वाट तुंबते, पेशी फारशा मरत नाहीत म्हणून एसजीपीटी थोडंच वाढतं, पण पित्त रक्तात उलटं येतं. लघवी चहासारखी, डोळे पिवळे, आणि ती जीव खाणारी खाज. बिलिरुबिन फारच चढलं तर किडनीलाही मार बसतो. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये गाठी होतात, कधी रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात आणि त्या फुटल्या तर पोटातच रक्तस्राव.

ट्रेनर लोक म्हणतात वर्कआउटमुळे लिव्हरचे रीडिंग वाढतात. अर्धं खरं आहे, जड व्यायामाने स्नायूंमधून एसजीपीटी आणि त्याचं भावंड एसजीओटी रक्तात येतं. पण स्क्वॉट मारून बिलिरुबिन १८ वर जात नाही भाऊ.

लिव्हरचं बिघडलेलं किमान दिसतं तरी. हृदयाचं कळतच नाही. १९८९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ११ वेटलिफ्टरना सहा आठवडे रोज ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉलच्या गोळ्या दिल्या आणि वेगळ्या सहा आठवड्यांत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. गोळीने एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३३ टक्के घसरलं, इंजेक्शनने ९ टक्के. आणि जिमच्या 'सायकल'मध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या कोर्समध्ये, ६ मिलिग्रॅम कोण घेतंय, तिथे हिशोब ५० चा चालतो. (इंजेक्शन सेफ आहे असं मी म्हणत नाहीये, हे कुणीतरी कापून व्हॉट्सॲपला टाकेल म्हणून आधीच सांगतो.) त्यात बीपी वाढतं, हृदयाची भिंत जाड होते.

मेंदूला वाटतं बाहेरून या हार्मोनचा भरपूर माल येतोय, तो वृषणांना ऑर्डर देणं बंद करतो, ते आक्रसतात, शुक्राणू कमी होतात, कोर्स संपल्यावर गाडी पुन्हा रुळावर यायला महिने लागतात. लग्न ठरलेली पोरं हे टेस्ट करायला येतात तेव्हा चेहरे बघवत नाहीत.

आणि हो, दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड वेगळं, ते बंद करू नका.

आमच्या त्या पोराचं पुढे काय झालं, तर हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळ्या टेस्ट झाल्या, सोनोग्राफी झाली, सगळं क्लीन, पैसे गेले आणि दोन आठवडेही. तिसऱ्यांदा रक्त द्यायला आईबरोबर आला, तिला मुद्दाम काउंटरवर पावती घ्यायला पाठवलं आणि खिशातून चुरगळलेली स्ट्रिप काढून माझ्यासमोर धरली, म्हणाला, "दादा, हे डॉक्टरांना तुम्हीच सांगाल का?"

स्ट्रिपवर दहातल्या दोन गोळ्या अजून शिल्लक होत्या.