रुग्णालयाचे सांडपाणी: औषध वेगळे, जनुक वेगळे

डाय (अवयव ठळक दिसावेत म्हणून दिलेले आयोडीनयुक्त द्रव्य) देऊन सीटी स्कॅन केल्यावर तंत्रज्ञ रुग्णाला ‘आज भरपूर पाणी प्या’ असे बजावतो. शिरेतून दिलेले शंभरेक मिलिलिटर द्रव्य मूत्रपिंडांनी लवकर बाहेर टाकावे, हा त्यामागचा हेतू असतो. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर २४ तासांत ते जवळजवळ सगळे, कोणताही रासायनिक बदल न होता, लघवीवाटे निघून जाते. म्हणजे एका तपासणीमागे साधारण ३० ग्रॅम आयोडीन, सेंद्रिय रेणूंत घट्ट बांधलेल्या रूपात, गटारात उतरते. पोटात घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचाही सुमारे ४० ते ५० टक्के भाग जसाच्या तसा लघवीत येतो.

हे पाणी जिथे पोहोचते तो नेहमीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, मुळात औषधांसाठी बांधलेलाच नसतो. ब्लोअरने हवा सोडायची, जिवाणूंना मैला खाऊ द्यायचा आणि गाळ खाली बसला की वरचे पाणी सोडून द्यायचे, एवढेच त्याचे काम. अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा रेणू नाजूक असल्यामुळे तो वाटेतच बराचसा मोडतो. अपस्मारावरचे कार्बामाझेपिन मात्र या टाक्यांतून जवळपास अबाधित बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सासिन गाळाला चिकटते, त्यामुळे पाण्याची चाचणी चांगली येते आणि औषध गाळाबरोबर पुढे जाते. तोच गाळ खत म्हणून शेतात पडला, तर शुद्धीकरण नेमके कशाचे झाले, हा प्रश्न उरतोच.

प्रतिजैविक-प्रतिरोधाची, म्हणजे जिवाणूंनी प्रतिजैविकांना न जुमानण्याची, गोष्ट याहून निराळी आहे. औषधाचा रेणू स्वतःची संख्या वाढवू शकत नाही, तर प्रतिरोधाचे जनुक ज्या जिवाणूत असते त्याच्याबरोबर वाढते, आणि प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बसून शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूतही शिरते. जिवाणूंची दाट वस्ती असलेली एसटीपीची टाकी अशा देवघेवीला सोयीचीच म्हणावी लागेल. कार्बापेनेम गटाची प्रतिजैविके निकामी करणाऱ्या एनडीएम-१ या विकराचे (एन्झाइमचे) जनुक दिल्लीत रुग्णालयांबाहेर, उघड्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले होते.

कोपनहेगनजवळच्या हेर्लेव रुग्णालयात २०१४ पासून औषध आणि प्रतिरोधी जिवाणू या दोन्ही गोष्टींसाठी स्वतंत्र प्रकल्प चालवला गेला. त्यात जैविक टाकीला सूक्ष्म पटलाची जोड आहे. अशा पटलाची छिद्रे मायक्रॉनच्या शतांश-दशांशांत मोजावी लागतात आणि जिवाणू असतो साधारण एक मायक्रॉनचा, त्यामुळे तो अडतो. विरघळलेले औषध मात्र सहज पार होते. त्याच्यासाठी ओझोन आणि रेणू पृष्ठभागावर धरून ठेवणारा सक्रिय कार्बन हवा. ओझोन रेणूतल्या दुहेरी बंधांवर आणि अमाइन गटांवर तुटून पडतो, म्हणून कार्बामाझेपिन आणि वेदनाशामक डायक्लोफेनॅक चटकन फुटतात. फुटतात, नाहीसे होत नाहीत. त्यांचे तुकडे टिपायला पुढे आणखी एक गाळणी ठेवणे शहाणपणाचे. सीटी स्कॅनच्या डायला ओझोन फारसे काही करू शकत नाही आणि कार्बनही लवकर थकतो. त्यामुळे जर्मनी व नेदरलँड्समध्ये रुग्णाला घरी जाताना लघवीच्या शोषक पिशव्या देऊन पाहिल्या. वापरलेली पिशवी कचऱ्यातून थेट भट्टीत जाते. मला हा उपाय साऱ्या यंत्रसामग्रीपेक्षा हुशारीचा वाटतो.

शेवटी अतिनील किरण किंवा, आपल्याकडे अनेक ठिकाणी, हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा) डोस देतात. त्याने जिवाणू मरतो, पण मेलेल्या जिवाणूतले जनुक लगेच निकामी होतेच असे नाही. त्यासाठी बहुधा जास्त मात्रा लागते.

मग प्रकल्प रुग्णालयात असावा की शहराच्या टोकाला? बहुतेक औषधे लोक घरीच घेतात, हे लक्षात घेऊन स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शहरी प्रकल्पांत ओझोन किंवा कार्बन बसवायला सुरुवात केली. ठरावीक सूक्ष्म प्रदूषके ८० टक्के काढण्याची अट घातली आणि खर्चासाठी माणशी वर्षाला कमाल ९ फ्रँक आकार ठेवला. औषधांपुरता तो हिशेब बरोबर आहे. पण इतर औषधे चालत नाहीत तेव्हासाठी राखीव ठेवलेली प्रतिजैविके आणि त्यांना न जुमानणारे जिवाणू एकवटतात ते रुग्णालयाच्याच नळीत, आणि जिथे गटार वाटेत फुटून नाल्याला मिळते तिथे शहराच्या टोकाचा ओझोन त्या पाण्याला कधी भेटतच नाही.