'फोनो'त लावलं की आवाज वाढतो? खुलासा

परभणी, नांदेड, लातूरकडे जुना अँप्लिफायर घरात असला की एक सल्ला हमखास मिळतो: "मोबाईलची पिन मागं फोनोत लावा, आवाज डबल येतो." फोनो म्हणजे अँप्लिफायरच्या मागची, PHONO लिहिलेली पिन लावायची जागा. आवाज मोठा येतो हे खरं. पण तो फाटका आणि घुमणारा येतो, आणि मग लोक बिचाऱ्या स्पीकरला दोष देतात.

फोनोची जागा फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. त्याच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला भाग) जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात, म्हणून फोनोचं सर्किट ते सुमारे 100 पट वाढवतं. मोबाईल किंवा सीडी प्लेअर मुळातच अर्धा ते 2 व्होल्ट देतो. तो पुन्हा 100 पट करायला गेलं की सर्किट कोलमडतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील; आणि तार स्वर उचलतात, म्हणजे खरखर कमी ऐकू येते. फोनो याच्या बरोबर उलट करून सूर जागेवर आणतो. मोबाईलच्या गाण्यात असं काही दाबलेलंच नसतं. मग ढोलकीचा घुमारा सगळ्यावर चढतो आणि टाळ ऐकूच येत नाही. कव्वालीची तर पार माती होते.

मोबाईल, टीव्ही, सीडी ऑक्समध्येच (मागची AUX लिहिलेली जागा) लावा. आवाज कमी वाटला तर आधी मोबाईलचा व्हॉल्यूम वाढवा.

एक अपवाद: जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा सिग्नल मुळातच जोरदार, म्हणून तो प्लेअरही ऑक्समध्येच.