मोबाइलच्या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम आणि लोकवर्गणी : सीमाभागातील वाचकांसाठी एक पार्श्वभूमी

कंपनीने अपडेट देणे बंद केले आहे, पण पडदा, कॅमेरा आणि बॅटरी अजून धड आहेत, असे फोन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात घरोघरी आढळतात. बेळगावातील गणपत गल्ली आणि खडेबाजार परिसरातील दुरुस्तीच्या दुकानांत असा फोन आला की त्याला दोन वाटा असतात. तो मोडीत काढायचा, किंवा त्यात कंपनीची सिस्टीम पुसून लाइनेजओएससारखी स्वयंसेवकांनी तयार केलेली मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे जिचा मूळ कोड (स्रोत) कोणालाही वाचता-बदलता येतो अशी फोन चालवणारी प्रणाली, घालायची. दुसरी वाट सोपी नाही. शाओमीच्या अनेक फोनांमध्ये बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारे कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडण्याची परवानगी मागितल्यानंतर १६८ तास, म्हणजे पूर्ण आठवडा थांबावे लागते. मग सगळा डेटा पुसला जातो, आणि एवढे करूनही काही बँकांचे ॲप अशा फोनवर चालण्यास नकार देतात. तरीही अनेक जण ही वाट पत्करतात. रेडमी नोट ४ हा भारतात अफाट खपलेला फोन कंपनीने अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीवर सोडून दिला, आणि त्यापुढच्या आवृत्त्या त्याला मिळाल्या त्या स्वयंसेवकांकडून. ही सिस्टीम वापरणाऱ्याला फुकट मिळते. ती तयार करण्याचा, तपासण्याचा आणि दरमहा दुरुस्त करण्याचा खर्च कोण करतो, हा या टिपणाचा विषय आहे.

वर्गणीवर संस्था चालवणे सीमाभागाला नवे नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथील मराठी वाचनालये, मंडळे आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतील साहित्य संमेलने बहुतांशी गावकऱ्यांच्या आणि देणगीदारांच्या पैशांवर उभी राहिली आहेत. त्यामुळे पावतीपुस्तक घेऊन फिरण्यातले कष्ट आणि दुसऱ्या वर्षी तोच देणगीदार पुन्हा पैसे देईल की नाही ही धाकधूक, या दोन्ही गोष्टी येथील वाचकाला सांगाव्या लागत नाहीत. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र वर्गणी ही पद्धत बरीच उशिरा रुजली.

अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. त्या काळात स्टॉलमन आपल्या ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या चुंबकीय फिती १५० डॉलरना विकत असत. सॉफ्टवेअर मुक्त असणे म्हणजे ते विनामूल्यच असले पाहिजे असे नाही, ही भूमिका तेव्हापासूनची आहे. पुढे १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) मोठ्या कंपन्यांचा आधार मिळाला, कारण सर्व्हरसाठी तो त्यांनाच हवा होता. मोबाइलच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. फोनमधील रेडिओ, कॅमेरा आणि चिप यांना चालवणारे सॉफ्टवेअर उत्पादकाच्या ताब्यात असते, दर वर्षी नवे मॉडेल येते, आणि जुन्या मॉडेलवर काम चालू ठेवण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नसतो.

पहिले प्रयत्न कंपन्यांनीच केले. तैवानच्या एफआयसी या कंपनीच्या ओपनमोको प्रकल्पाने २००७ मध्ये निओ १९७३ आणि २००८ मध्ये निओ फ्रीरनर हे फोन बाजारात आणले, पण २००९ मध्ये फोनचे काम आवरते घेतले. नोकियाने २००५ पासून मेमो ही लिनक्सवर आधारित सिस्टीम वाढवली. २०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टशी करार होताच ती दिशा सोडून देण्यात आली, आणि तेथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी योला ही कंपनी काढली. मालक कंपनीचे धोरण बदलले की वर्षानुवर्षांचे काम बेवारस होते, हे यातून दिसले.

अँड्रॉइड २००८ मध्ये फोनवर आले आणि त्याचा बराचसा स्रोत खुला असल्याने चित्र बदलले. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेला सायनोजेनमॉड हा अँड्रॉइडची सुधारित आवृत्ती देणारा प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने, आपले बंदिस्त ॲप त्यात घालून वाटले जात असल्याच्या कारणावरून, कोंडिक यांना कायदेशीर नोटीस पाठवली. ते ॲप वगळून काम पुढे चालू राहिले. या टप्प्यावर प्रकल्पाचा खर्च स्वयंसेवकांचा वेळ आणि वापरकर्त्यांच्या फुटकळ देणग्या यांवर भागत होता.

सायनोजेनमॉडची पुढची कहाणी थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. २०१३ मध्ये कोंडिक आणि सहकाऱ्यांनी सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी काढली, गुंतवणूकदारांकडून आधी ७० लाख डॉलर, त्याच वर्षाअखेर २ कोटी ३० लाख आणि २०१५ मध्ये ८ कोटी डॉलर उभे केले. भारतीय ग्राहकाला या पैशाचा परिणाम लगेच दिसला. वनप्लस वन हा फोन सायनोजेनच्या सिस्टीमसह भारतात आला, पण सायनोजेनने भारतापुरते विशेष हक्क मायक्रोमॅक्सला देऊन टाकले होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लसच्या विक्रीवर काही दिवस बंदीही आली. स्वयंसेवकांच्या श्रमावर उभी राहिलेली सिस्टीम कोणत्या देशात कोणाला द्यायची याचा सौदा आता कंपनी करत होती. अपेक्षित नफा झाला नाही तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने सर्व सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि प्रकल्पाच्या सर्व्हरचा आधारही गेला. त्याच आठवड्यात, २४ डिसेंबर २०१६ रोजी, जुन्या स्वयंसेवकांनी लाइनेजओएसची घोषणा केली. स्रोत खुला होता म्हणून काम वाचले. नाव, चिन्ह आणि यंत्रसामग्री मात्र कंपनीबरोबर गेली. लाइनेजओएसच्या देणग्या तेव्हापासून मुख्यतः सर्व्हरसारख्या सामायिक खर्चासाठी असतात, आणि बहुतेक देखभालकर्ते पगाराविना काम करतात.

याच काळात लोकांकडून थेट मोठी रक्कम गोळा करण्याची दुसरी पद्धत पुढे आली, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा गोंधळ तिनेच घातला. जुलै २०१३ मध्ये, उबुंटू ही लिनक्सवर आधारित सिस्टीम बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू एज या फोनसाठी इंडिगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ३ कोटी २० लाख डॉलरचे आवाहन केले. महिनाभरात सुमारे १ कोटी २८ लाख डॉलरची आश्वासने मिळाली. ती रक्कम प्रचंड असली तरी उद्दिष्टाच्या निम्मीही नव्हती, म्हणून सर्वांचे पैसे परत गेले. योलाने नोव्हेंबर २०१४ मध्ये टॅबलेटसाठी ३ लाख ८० हजार डॉलर मागितले आणि सुमारे २५ लाख मिळवले, पण २०१५ च्या अखेरीस कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि पैसे भरलेल्या अनेकांच्या हाती टॅबलेट आलाच नाही. प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम ५ या फोनने २०१७ मध्ये १५ लाखांच्या उद्दिष्टावर २० लाखांहून अधिक डॉलर जमवले. जानेवारी २०१९ चा वायदा असताना पहिले मोजके फोन त्या वर्षाच्या उत्तरार्धात निघाले आणि कित्येकांना आणखी काही वर्षे थांबावे लागले. या तिन्ही मोहिमांना लोकांचा पाठिंबा असे म्हटले गेले, पण व्यवहार आगाऊ बुकिंगचा होता. गणेशोत्सव मंडळाला वर्गणी देणारा मूर्ती घरी नेण्यासाठी पैसे देत नाही, आणि बुकिंग करणारा वस्तू मिळाल्याशिवाय समाधानी होत नाही. या दोघांचे पैसे एकाच खात्यात जमा केले की तक्रारी होणारच. शिवाय असा पैसा कारखान्यात, साच्यांत आणि सुट्या भागांत जातो, सिस्टीमच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो.

मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या मोबाइल सिस्टीमचा प्रयत्न वेगळ्या पैशावर झाला. मोझिला ही ना-नफा संस्था असली तरी तिचे मुख्य उत्पन्न शोधयंत्रांच्या करारांतून येते. भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना मिळू लागला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने स्मार्टफोनचे काम थांबवले. त्याच मुक्त स्रोतापासून पुढे कायओएस ही व्यापारी सिस्टीम निघाली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमधून १,५०० रुपयांच्या अनामतीवर खेडोपाडी पोहोचली. खानापूरच्या जंगलपट्ट्यात ज्यांनी पहिल्यांदा इंटरनेट जिओफोनवर पाहिले, त्यांच्या हातात मोझिलाच्या कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून लिहिलेला भाग होता. त्या विक्रीतून स्वयंसेवकांना अर्थातच काही मिळाले नाही.

कायमस्वरूपी टिकली ती लहान आणि नियमित वर्गणी. कॅनॉनिकलने एप्रिल २०१७ मध्ये उबुंटू टच ही आपली फोनची सिस्टीम सोडल्यावर यूबीपोर्ट्स या समूहाने ते उचलले, आणि पुढे जर्मनीत फाउंडेशन नोंदवून मासिक देणग्यांवर काम चालू ठेवले. गाएल दुवाल यांच्या ई या गुगलविरहित अँड्रॉइडच्या प्रकल्पाने २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर २५ हजार युरो मागितले आणि त्याच्या तिप्पटीहून अधिक मिळवले. ही मोहीम सिस्टीमच्या कामासाठी होती, रक्कम बेताची होती, आणि म्हणूनच ती पार पडली असे म्हणता येईल. कॉपरहेडओएस या सुरक्षेवर भर देणाऱ्या अँड्रॉइड-आधारित प्रकल्पातील २०१८ च्या फुटीनंतर उभ्या राहिलेल्या ग्राफीनओएसने देणग्यांतून विकासकांना पगार देण्यापर्यंत मजल मारली आणि २०२३ मध्ये कॅनडात फाउंडेशन स्थापन केले. ती सिस्टीम गुगलच्या पिक्सेल फोनांवरच चालते, हा तिचा सीमाभागातल्या खिशाला न परवडणारा भाग. पाइन६४ या उत्पादकाने पाइनफोन या आपल्या लिनक्स-फोनच्या विशेष आवृत्त्या काढून प्रत्येक फोनामागे १० डॉलर त्या त्या सिस्टीमच्या समूहाला दिले. नेदरलँड्सच्या एनएलनेट फाउंडेशनने युरोपीय संघाच्या निधीतून पोस्टमार्केटओएस या लिनक्सवर आधारित फोन-सिस्टीमसारख्या प्रकल्पांना ठरावीक कामांसाठी अनुदाने दिली.

हा पैसा जातो कुठे, हे पावती फाडणाऱ्याला ठाऊक असावे. शेकडो मॉडेलांसाठी सिस्टीम बांधणारे सर्व्हर, तयार फाइल उतरवून देण्याची बँडविड्थ, देखभालकर्त्याला लागणारा प्रत्यक्ष फोन, आणि सर्वांत जास्त म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्यांचा वेळ. स्टेजफ्राइट या गंभीर दोषानंतर ऑगस्ट २०१५ पासून अँड्रॉइडच्या दुरुस्त्यांची यादी दरमहा प्रसिद्ध होऊ लागली, आणि तेव्हापासून कोणत्याही पर्यायी सिस्टीमला महिन्याचा हप्ता चुकवता येत नाही.

दोन लिप्यांच्या प्रदेशात या कामाला आणखी एक बाजू आहे. जुन्या अँड्रॉइडवर ‘निपाणी’ लिहिले की पहिली वेलांटी ‘न’च्या आधी बसण्याऐवजी पुढे जाऊन पडे, आणि कन्नडमध्ये ‘चिक्कोडी’ लिहिताना दुसरा ‘क’ पहिल्याच्या खाली न बसता शेजारी सुटा राही. हे दोष दूर झाले ते हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे आणि खुल्या फॉन्टमुळे. सिस्टीमच्या भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड या दोन्ही २०१४ सालच्या अँड्रॉइड ५.० मध्ये एकाच वेळी दाखल झाल्या. सीमेचा वाद न्यायालयात असताना फोनने मात्र दोघींना बरोबरच आत घेतले, हे येथे जाता जाता नोंदवण्याजोगे.

सीमाभागातून या प्रकल्पांना पैसे देण्याची वाट मात्र अरुंद आहे. बहुतेक प्रकल्प मासिक देणगी कार्डावरून घेतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या नियतकालिक वजावटीसाठी स्वतंत्र ई-मँडेट (आगाऊ परवानगी) नोंदवावे लागते. दर वेळी ओटीपी न देता वजा होणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० झाली. शंभर-दोनशे रुपयांच्या देणगीला मर्यादेची अडचण नव्हतीच. परदेशी देणगी-स्थळांकडे ई-मँडेटची सोय नसल्याने वजावट नाकारली जाऊ लागली, ही खरी अडचण होती. परदेशातील फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. उलट दिशेने, बेळगावातील एखाद्या संस्थेला परदेशातून निधी घ्यायचा तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातेही उघडावे लागते.

म्हणून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्याला आज देता येण्यासारखी वर्गणी बहुधा श्रमाची असते : भाषांतर तपासणे, दोष कळवणे, आपल्या फोनवर नवी आवृत्ती चालवून पाहणे. भारतातून संघटित पैसा आला तो कंपनीकडून. बेंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, आणि एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर देण्याची तरतूद केली.

दरम्यान खर्च वाढला आहे. मार्च २०२५ मध्ये गुगलने अँड्रॉइडचा संपूर्ण विकास बंद दाराआड करून स्रोत आवृत्ती तयार झाल्यावरच देण्याचे जाहीर केले, आणि जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा स्रोत देताना पिक्सेल फोनांची उपकरण-संरचना (त्या त्या मॉडेलवर सिस्टीम बसवण्यासाठी लागणाऱ्या फाइली) त्यातून वगळली. पूर्वी तयार मिळणारा तो भाग आता स्वयंसेवकांना स्वतः जुळवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे तास वर्गणीच्या हिशेबात नव्याने मांडले जात आहेत.