राज्यकारभाराचे कागद ऑनलाइन आले, ते कुणामुळे?

१४ मार्च २०२४ च्या संध्याकाळी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दोन याद्या झळकल्या. निवडणूक रोखे, म्हणजे राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्यासाठी बँकेतून घ्यायची पत्रं, कुणी, कधी आणि केवढ्याची घेतली ते एकीत होतं. कोणत्या पक्षाने ते कधी आणि केवढ्याचे वटवले ते दुसरीत. शेकडो पानांच्या त्या पीडीएफवर पत्रकार, राज्यशास्त्राचे विद्यार्थी आणि हौशी आकडेबहाद्दर तुटून पडले आणि सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडलं. अमक्याने घेतलेला रोखा कोणत्या पक्षाच्या खात्यात गेला, हे सांगणारा दुवाच दोन याद्यांमध्ये नव्हता. प्रत्येक रोख्याला स्वतःचा क्रमांक होता, पण तो याद्यांमध्ये दिलाच नव्हता.

हे रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने आधी माहिती द्यायला ३० जूनपर्यंतची मुदत मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्चला ती मागणी फेटाळली आणि दुसऱ्याच दिवशी माहिती हजर करायला लावली. १८ मार्चला न्यायालयाने पुन्हा कान टोचले, तेव्हा क्रमांकांसह याद्या तयार झाल्या आणि २१ मार्चला त्या आयोगाने टाकल्या. मग ज्याला साधं एक्सेल येतं त्यालाही देणारा आणि घेणारा यांची जोडी लावता आली. आठवडाभरात तंत्रज्ञानात काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडला तो न्यायालयाच्या आदेशाने.

शासन, राजकारण आणि अर्थकारण यांचा अभ्यास करणाऱ्याला आज घरबसल्या जे मिळतं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींची जन्मकथा अशीच आहे. इंटरनेट आलं आणि माहिती खुली झाली, असं आपण सहज बोलून जातो. पण कागद आधीपासून होते. ते बाहेर काढायला कुणाला तरी भांडावं लागलं, किंवा कुणीतरी न सांगता स्कॅनरपाशी वर्षानुवर्षं बसलं.

कागदांची सवय इंग्रजांनी लावली. लंडनच्या पार्लमेंटला हिशेब द्यायचा म्हणून हिंदुस्थान सरकार अहवाल, तक्ते, आयोगांच्या साक्षी छापत राही. निळ्या वेष्टणातली ती ब्लू बुकं प्रजेसाठी नव्हती, तरी प्रजेतल्या काही जणांनी ती वाचलीच. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निचऱ्याचा, म्हणजे हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हा, मुद्दा सरकारच्याच आकड्यांवर उभा केला. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक सभेचं त्रैमासिक १८७८ साली सुरू झालं. त्यातले महसूल आणि वित्तावरचे लेख अशाच कागदांतून वेचलेले असत. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. दुष्काळ आणि प्लेगने लोक मेटाकुटीला आलेले असताना सरकार दरसाल शिल्लक दाखवतं, ही शिल्लक भरभराटीची नसून वाजवीपेक्षा जास्त करांची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुरावा म्हणून पुढे केलेले आकडे अर्थखात्याचेच होते.

गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. पुढे १९३० मध्ये रावबहादुर काळे यांच्या देणगीतून त्याच आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले, आणि तिथलं ग्रंथालय म्हणजे सरकारी अहवालांची खाणच झाली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा जो गाजलेला हिशेब मांडला, तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांवर. मुंबईत सचिन चौधरींनी १९४९ मध्ये सुरू केलेलं आणि १९६६ पासून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाने निघणारं साप्ताहिक अशाच अभ्यासाचं व्यासपीठ बनलं. पण हा सगळा व्यवहार पुणे, मुंबई, दिल्ली अशा मोजक्या शहरांतला. सत्तरच्या दशकात नांदेडला किंवा चंद्रपूरला एम.ए. करणाऱ्या मुलाला संविधान सभेतल्या चर्चांचे बारा खंड नुसते पाहायचे झाले तरी एसटीचं तिकीट काढावं लागे.

संगणक सरकारात लवकर शिरला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ चं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या डायल-अपवर. खात्यांची संकेतस्थळं झाली, त्यांवर मंत्र्यांचे फोटो आले, योजनांची वर्णनं आली. कागद मात्र आत राहिले, कारण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अधिकाऱ्यांच्या हाडीमाशी खिळला होता.

तो सुटायला सुरुवात झाली राजस्थानात, आणि तीही मजुरांच्या हजेरीपटावरून. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. पंचायतीच्या कागदांत कुणाच्या नावावर किती मजुरी लावली ते भर सभेत वाचून दाखवायचं आणि ज्याचं नाव त्यालाच विचारायचं, मिळाली का? महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या उपोषणांमुळे राज्याचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्ये आला. केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. लोकांना त्या कायद्यातला दहा रुपयांचा अर्ज ठाऊक असतो. अभ्यासकाच्या कामाचं कलम मात्र चौथं. कुणी मागायची वाट न पाहता खात्याने आपले निर्णय, नियम, अंदाजपत्रक स्वतःहून जाहीर करावं आणि शक्य तिथे ते इंटरनेटवर ठेवावं, असं ते सांगतं. आज खात्यांच्या संकेतस्थळांवर जे कागद दिसतात, त्यांतल्या बऱ्याच कागदांना या कलमाचा धक्का आहे. अंमलबजावणी अर्धवट आहे, हे सांगायला नकोच.

राजकारणाच्या अभ्यासकाला आणखी एक खजिना मिळाला तो याच काळात, अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांमुळे. त्यांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढून कोर्टात मागणी केली की उमेदवारावरचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळलंच पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केली, २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. त्यावर जवळजवळ सगळ्या पक्षांची एकी झाली (अशी एकी एरवी दुर्मीळ) आणि कायद्यात दुरुस्ती करून निकाल बोथट करण्यात आला. १३ मार्च २००३ ला न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केली. तेव्हापासून आमदार-खासदारकीचा प्रत्येक उमेदवार प्रतिज्ञापत्र भरतो, ते आयोगाच्या संकेतस्थळावर चढतं, आणि याच संस्थेच्या ‘मायनेता’ या संकेतस्थळावर त्याची तक्त्यांत मांडणी होते. एखाद्या आमदाराची मालमत्ता दोन निवडणुकांमध्ये कितीने फुगली यावर महाविद्यालयीन प्रकल्प करणाऱ्या मुलांना हे वाद माहीत नसतात. रोख्यांच्या खटल्यातही हीच संस्था याचिकाकर्ती होती.

२००५ मध्येच दिल्लीत पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चचं काम सुरू झालं. संसदेत आलेल्या प्रत्येक विधेयकाचा चार-सहा पानी, कुणाची बाजू न घेणारा गोषवारा ते काढतात. तो मुळात खासदारांसाठी होता, पण त्याचा खरा फडशा पाडला स्पर्धा परीक्षावाल्यांनी.

जुन्या कागदांचं काय? इथे कायदा नव्हे, तर हौस आणि हट्ट कामी आला. २००० नंतर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या पुढाकाराने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा प्रकल्प झाला, देशभरच्या ग्रंथालयांत स्कॅनर लागले. कामाचा दर्जा यथातथाच. पानं तिरकी, शीर्षकं चुकीची, मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत अशी लिहिलेली की लेखकालाही सापडू नयेत. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं. तोवर कार्ल मालामुद या अमेरिकी कार्यकर्त्याने त्यातल्या लाखो प्रती इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. गोखले संस्थेनेही आपला जुना संग्रह स्कॅन करून खुला केला. त्यातली फाइल उघडली की आधी धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचं नाव, बारकोड आणि त्याखाली ‘जीआयपीई-पुणे’ने सुरू होणारा दाखल क्रमांक दिसतो, आणि मग एखाद्या पानावर भारत सेवक समाजाच्या ग्रंथालयाचा शिक्का. ब्रिटिश काळातले दुष्काळ आयोग, जमीनमहसुलाचे अहवाल, प्रांतिक अंदाजपत्रकं असं बरंच तिथे फुकट मिळतं, आणि मराठी मुलखाच्या आर्थिक इतिहासासाठी मला याहून भरवशाची जागा माहीत नाही.

संविधान सभेच्या चर्चा आता संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. बंगळुरूच्या एका संशोधन केंद्राने त्या परिच्छेदवार शोधता येतील अशा मांडल्या आहेत, त्यामुळे १६५ दिवसांच्या कामकाजात एखाद्या अनुच्छेदावर कोण काय बोललं ते मिनिटभरात सापडतं. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले. वसंत मून यांनी त्यासाठी रक्ताचं पाणी केलं. रुपयाचा प्रश्न, प्रांतिक वित्त, ईस्ट इंडिया कंपनीचं अर्थकारण हे सगळं लेखन सहाव्या खंडात आहे. छपाई इतकी रेंगाळली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. दरम्यान परराष्ट्र मंत्रालयाने इंग्रजी खंडांच्या पीडीएफ टाकल्या होत्या. दुकानात न मिळणारा खंड मोबाइलवर, असा तो प्रकार.

संशोधनपत्रिकांची गोष्ट वेगळी, कारण तिथे सरकारची नव्हे, प्रकाशकांची कुलपं असतात. पीएच.डी.चे प्रबंध मात्र मोकळे झाले: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात मराठीतलेही प्रबंध जमा होऊ लागले. सहकारी साखर कारखाने किंवा एखाद्या जिल्ह्याचं पंचायत राज अशा विषयांवर तिथे भरपूर साहित्य आहे. दर्जा मात्र पारखून घ्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. लाभ सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातला विद्यार्थी दाराबाहेरच राहिला.

मराठीत अभ्यास करणाऱ्याची अडचण मात्र कुठल्याच खटल्याने सुटलेली नाही. पाठ्यपुस्तकं आहेत: बालभारतीची अकरावी-बारावीची राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. विश्वकोश आहे, त्यातल्या राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या नोंदी जुन्या असल्या तरी पाया पक्का करणाऱ्या आहेत. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मराठीतही येते, आणि ती क्लासच्या नोट्सपेक्षा सोपी आहे, हे बऱ्याच जणांना ती उघडेपर्यंत पटत नाही. शासन निर्णय, म्हणजे जीआर, तर मुळात मराठीतच असतात. जीआरच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असतं, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो १८ आकडी संकेतांक नीट पाहिला तर पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. व्हॉट्सॲपवर फिरणारा जीआर खरा की बनावट, हे तो संकेतांक संकेतस्थळावरच्या शोधपेटीत टाकून ताडता येतं.

पण युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकी संकेतपद्धत, रुळण्याआधीची मराठी पीडीएफ हाती आली की पंचाईत. त्या फाँटमध्ये देवनागरी वळणं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे वाचायला मराठी आणि कॉपी करून चिकटवलं की निव्वळ रोमन गिचमिड. अशा फाइलमध्ये ‘पाणीपट्टी’ शोधली तर सापडत नाही. म्हणून मुलं टेलिग्रामवरच्या तिसऱ्या हातच्या नोट्सकडे वळतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करायचं ठरलं, तेव्हापासून मूळ कागद वाचायची गरज वाढली आहे, कारण पर्यायांना गोल करून आता भागणार नाही.

उघडलेली दारं पुन्हा लोटलीही जातात. २०१७-१८ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर करणार नाही, असं केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगून टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणुकीच्या नियमांत बदल होऊन मतदान केंद्रांवरच्या चित्रणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांच्या तपासणीतून वगळल्या गेल्या. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम असं बदललं, की व्यापक लोकहित असेल तर माहिती द्यावी ही त्यातच असलेली अट निघून गेली. जनगणनेचे ताजे आकडे अजून २०११ चेच आहेत. पुढची गणना २०२७ ची. संसदेची संकेतस्थळं एकत्र केली तेव्हा जुन्या दुव्यांपैकी कित्येक तुटले, आणि प्रबंधांच्या तळटीपांतले पत्ते निकामी झाले. महत्त्वाचा कागद दिसला की आपल्या संगणकावर उतरवून, तारीख घालून ठेवावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

आणि कुठून सुरुवात करावी असं विचारलं, तर दिल्लीपासून नको. २४ एप्रिल २०२० ला पंचायत राज मंत्रालयाने ‘ई-ग्रामस्वराज’ सुरू केलं. राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की त्या वर्षाचा विकास आराखडा, वित्त आयोगाचा आलेला निधी आणि झालेला खर्च समोर येतो. गटाराचं काम, अंगणवाडीची रंगरंगोटी, पाण्याची टाकी, त्यापुढे रक्कम. ती टाकी गावात कुठे आहे, हे सांगायला कुणाच्या नोट्स लागत नाहीत.