“हलू नको, टाके तुटतील”: खरंच तुटतात का?

खानापूर असो की निपाणी, आतड्याचं ऑपरेशन झालेल्या पोराच्या खाटेशी एक आज्जी हमखास असते: “हलू नको रे बाळा, टाके तुटतील.” माया खरी, समज चुकीची. पोट थराथरांनी शिवलेलं असतं. चार पावलं चालल्यानं ते उसवत नाही. उलट दुखतंय म्हणून पोर वरवर श्वास घेतं, खोकला दाबतं, कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. म्हणूनच सर्जननी हो म्हटलं की बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट त्याला उठवतात. आधी कुशीवर वळवून, मग हाताच्या आधारानं. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची. लहानग्यांना साबणाचे फुगे फुंकायला देतात. पोराला खेळ, फुप्फुसांना व्यायाम. घागर उचलणं, सायकल मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद. तेवढ्यापुरतं आज्जीचं बरोबर.