ट्रेमोलो आर्म : नावाचा गुंता आणि जोडणीच्या नियमांचा उगम

इलेक्ट्रिक गिटारचा ट्रेमोलो आर्म, म्हणजे तारांचा स्वर खाली-वर करणारी दांडी, बसवताना आणि सांभाळताना आज जे नियम पाळले जातात, त्यांतील बहुतेक १९५४ साली बाजारात आलेल्या एकाच रचनेतून निघाले आहेत. ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा ज्यावर टेकतात त्या भागाच्या) मागच्या कडेखाली किती फट ठेवायची, पाठीमागच्या पोकळीत तीन स्प्रिंगा लावायच्या की पाच, ब्रिज धरणारे सहा स्क्रू कितपत आवळायचे, हे प्रश्न त्या रचनेपूर्वी या स्वरूपात उभेच राहत नव्हते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९३० च्या दशकातील यंत्रणांत दांडी गिटारच्या पृष्ठभागाला समांतर, म्हणजे आडवी हलत असे, आणि काही गिटारींत हे काम चक्क विजेच्या मोटरीवर सोपवलेले होते. दांडी सोडल्यावर तारा मूळ स्वरावर परत येत नाहीत, ही तेव्हाची मुख्य तक्रार होती. १९५० च्या सुमारास एका जाड स्प्रिंगवर टेकलेली दांडी आणि तारा अडकवलेला फिरता दंड अशी रचना आली. तिने स्वर फार थोडा खाली-वर होतो, परंतु तिच्यासाठी गिटारचे लाकूड कोरावे लागत नाही, म्हणून ती आजही पोकळ अंगाच्या गिटारींवर बसवली जाते.

फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये ब्रिज आणि तारांचे शेपूट, म्हणजे तारांची मागची टोके अडकवणारा भाग, हे दोन्ही एकाच तुकड्यात आले. या गिटारसाठी आधी तयार केलेली एक वेगळी यंत्रणा आवाज समाधानकारक न वाटल्यामुळे अखेरच्या टप्प्यावर टाकून द्यावी लागली होती. जी स्वीकारली गेली, तिच्यात ब्रिजची पुढची कड धारेसारखी निमुळती करून सहा स्क्रूंवर टेकवली होती, ब्रिजखाली पोलादाचा जड ठोकळा लटकत होता आणि त्या ठोकळ्याला मागच्या पोकळीतील पाच स्प्रिंगा ओढून धरत होत्या. तारा ब्रिजला पुढे ओढतात, स्प्रिंगा मागे ओढतात, आणि दोन्ही ओढी समान झाल्या की ब्रिज स्थिर राहतो. तारांची कंप पावणारी लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा संच सुरात लावला, तर त्यांचा एकत्रित ताण सुमारे ४७ किलो भरतो. तेवढ्या ओढीचा समतोल या स्प्रिंगांना अखंड सांभाळायचा असतो. दांडी शरीराकडे दाबली की ब्रिज पुढे झुकतो, तारा सैल पडतात आणि स्वर उतरतो. वर उचलली की स्वर चढतो.

येथे नावाचा प्रश्न येतो, आणि तो नुसत्या शब्दांचा वाद नसल्यामुळे त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेत होणारा नियमित चढ-उतार. स्वर तोच राहतो, तो फक्त मोठा-लहान होत जातो. व्हायब्रॅटो म्हणजे स्वराच्या उंचीत होणारा चढ-उतार. दांडीने बदलते ती स्वराची उंची, तीव्रता नव्हे. म्हणून या यंत्रणेला व्हायब्रॅटो म्हणणेच योग्य होते. तरीही १९५४ साली एकस्वासाठी (पेटंटसाठी) जो अर्ज करण्यात आला आणि जो १९५६ मध्ये मंजूर झाला, त्याच्या शीर्षकात तंतुवाद्यांसाठीचे ‘ट्रेमोलो’ साधन असाच उल्लेख होता. गिटार प्रचंड खपली, आणि तिच्याबरोबर हा शब्दही दुकानांत, सुट्या भागांच्या याद्यांत आणि वादकांच्या बोलण्यात कायमचा रुजला.

गुंता एवढ्यावर थांबला असता तर सोपे होते. त्याच कारखान्याने १९५५ मध्ये ध्वनिवर्धकाच्या एका नमुन्याला त्यातील तीव्रतेच्या चढ-उतारामुळे ट्रेमोलक्स असे अचूक नाव दिले, परंतु पुढच्याच वर्षी तसाच परिणाम देणाऱ्या दुसऱ्या नमुन्याचे नाव व्हायब्रोलक्स ठेवले. आणि १९६० च्या दशकातील अनेक ध्वनिवर्धकांवर, जेथे केवळ तीव्रता कमी-जास्त होत होती, तेथे ‘व्हायब्रॅटो’ हा शब्द ठळकपणे छापला गेला. म्हणजे गिटारवरच्या व्हायब्रॅटोला ट्रेमोलो म्हटले गेले आणि ध्वनिवर्धकातल्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो. गोंधळात भर म्हणजे फेंडरच्याच १९५८ च्या जाझमास्टर गिटारवरील यंत्रणा ‘फ्लोटिंग ट्रेमोलो’ ठरली, तर १९६४ च्या मस्टँग गिटारवरील, तत्त्वाने तशाच कामाची यंत्रणा ‘डायनॅमिक व्हायब्रॅटो’ म्हणून विकली गेली. योग्य शब्द माहीत नव्हता असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही. तो माहीत होता, पण त्याची शिस्त पाळली गेली नाही.

हा दोष किरकोळ आहे असे अनेकांचे म्हणणे असते, आणि सत्तर वर्षांनंतर नाव बदलण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु देखभालीच्या दृष्टीने या नावाने नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तीव्रता बदलणारे साधन सुरांना धक्का लावत नाही. उंची बदलणारे साधन मात्र प्रत्येक वापरात सहाही तारांचा ताण सैल करते आणि पुन्हा आवळते. व्हायब्रॅटो हे नाव रुढ झाले असते, तर नवशिक्या वादकाला पहिल्या दिवशीच कळले असते की ही दांडी म्हणजे तारा सुरात राहण्याच्या व्यवस्थेचाच एक भाग आहे. आज तो ती आवाजाची एखादी कळ समजून वापरतो आणि तारा उतरल्या की खुंट्यांना दोष देतो. खरा अडथळा बहुतेक वेळा नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खोबणीत असतो. सैल पडलेली तार परत ताणली जाताना तेथे अडकते आणि मूळ जागी पोहोचत नाही. खोबण तारेच्या जाडीला जुळेल इतकी मोकळी करणे आणि तिच्यात शिसपेन्सिलीची भुकटी लावणे हा जुना उपाय त्यामुळेच टिकून आहे. तारा संचाने न काढता एकेक करून बदलाव्यात, आणि जाडी बदलली तर स्प्रिंगांचा ताण नव्याने जुळवावा, हे दोन्ही नियमही त्याच समतोलातून येतात.

पुढच्या काळातील एक बदल देखभालीला थेट भिडतो. १९६५ मध्ये कारखान्याची मालकी बदलली, आणि १९७१ च्या अखेरीस पोलादी ठोकळ्याऐवजी साच्यात ओतलेल्या जस्त-मिश्रधातूचा ठोकळा आला. उत्पादन स्वस्त झाले, परंतु या धातूतील आटे पोलादाइतके टिकाऊ नसतात. सैल झालेला आर्म वारंवार जोर लावून घट्ट करण्याची सवय अशा ठोकळ्याला फार लवकर निकामी करते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नटशीच तारा पक्क्या आवळून टाकण्याची कल्पना आली. तिचा एकस्व १९७९ चा. घर्षणाची जागाच नाहीशी झाल्याने तारा अगदी लोंबेपर्यंत दांडी दाबली तरी स्वर परत येऊ लागला. मात्र नट आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी ठरत, म्हणून काही वर्षांनी ब्रिजवरच सूक्ष्म सुरजुळणीचे स्क्रू आले. या रचनेत ब्रिज दोनच खांबांवर धारेने टेकतो. त्या धारा बोथट झाल्या की सारा अचूकपणा संपतो, म्हणून तारांचा पूर्ण ताण असताना खांबांची उंची कधीही बदलू नये. तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली तर स्प्रिंगांची ओढ वरचढ होऊन उरलेल्या पाचही तारा चढतात, हेही येथे जास्त जाणवते. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्ट्रॅटोकास्टरवरही दोन खांबांचा ब्रिज आला. सहा स्क्रूंच्या ब्रिजसाठी मागच्या कडेखाली सुमारे ३.२ मिलिमीटर आणि दोन खांबांच्या ब्रिजसाठी सुमारे २.४ मिलिमीटर फट, हे दोन वेगळे आकडे याच इतिहासामुळे शेजारी-शेजारी उभे दिसतात.

आर्मच्या आट्यांचा भेदही असाच साचत गेला. मूळ अमेरिकी रचनेत १०-३२ या इंची मापाचे आटे होते. आशियात उत्पादन सुरू झाल्यावर ५ आणि ६ मिलिमीटरचे मेट्रिक आटे आले. यांपैकी ६ मिलिमीटरचा आर्म जाडीवरून लगेच ओळखता येतो. धोका उरलेल्या दोघांत आहे, कारण १०-३२ चा व्यास ४.८३ मिलिमीटर असून त्याच्या आट्यांमधील अंतर ५ मिलिमीटरच्या मापातील ०.८ मिलिमीटरच्या अगदी जवळ येते. परिणामी इंची आर्म मेट्रिक ठोकळ्यात बसल्यासारखा वाटतो आणि वाजवताना खडखडतो, तर मेट्रिक आर्म इंची ठोकळ्यात काही फेऱ्यांनंतर अडकतो आणि जोर केल्यास आटे कापून टाकतो. आर्म नेहमी बोटांनीच फिरवावा. तो अडला तर तेथेच थांबावे. शेवटपर्यंत गेल्यावर तो पाऊण-एक फेरी मागे घ्यावा, म्हणजे हाताने फिरवून बाजूला करता येतो. तो फार सैल वाटल्यास ठोकळ्याच्या छिद्रात तळाशी बसणारी छोटी स्प्रिंग टाकावी, किंवा नळकामातील पांढरी टेप आट्यांवर एक-दोन वेढे गुंडाळावी. गिटार पेटीत ठेवण्यापूर्वी आर्म काढून ठेवावा, कारण झाकणाच्या दाबाने तो आट्यांपाशीच मोडतो, आणि ठोकळ्यात अडकलेले टोक बाहेर काढणे हे तारा, स्प्रिंगा आणि ब्रिज असे सगळे उतरवायला लावणारे काम असते.