उंचीवरच्या कामाचं परमिट: कोणाला मिळतं, कागद काय लागतात

साइटवर 2 मीटरच्या वर काम असेल (काही ठिकाणी 1.8 धरतात) तर आधी परमिट काढावं लागतं. लिफ्टचा डक्ट, स्लॅबची उघडी कड, परांची, पत्र्याचं छप्पर, सगळं यात आलं. हे माणसाचं लायसन नाही, त्या जागेपुरतं, त्या कामापुरतं आणि बहुतेक ठिकाणी एका शिफ्टपुरतंच असतं, त्यामुळे "कालच काढलंय की" हे चालत नाही.

अर्ज कामगार करत नाही, सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा इंजिनियर करतो. वर चढणारा 18 पूर्ण झालेला, ट्रेनिंग घेतलेला आणि डॉक्टरांनी तपासून पास केलेला पाहिजे. चक्कर किंवा आकडी येत असेल तर त्याचं नाव घालूच नका, कितीही तरबेज मिस्त्री असला तरी.

कागद म्हणाल तर मेडिकल सर्टिफिकेट, ट्रेनिंग कार्ड, कामातले धोके आणि त्यावरचे उपाय लिहिलेला जेएसए, हार्नेसच्या (अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याच्या) तपासणीची नोंद. परांचीला हिरवा टॅग हवा आणि त्यावरची तारीख बघा, कारण दर 7 दिवसांनी आणि वादळपावसानंतर ती परत तपासायची असते. लाल टॅग असला तर विषयच संपला.

फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त घोळ हार्नेसच्या दोरीचा हूक कुठे अडकवणार या रकान्यात होतो. लोक नुसतं "हार्नेस आहे" लिहून मोकळे होतात. आता बघा, दोरी 1.8 मीटर, झटका बसल्यावर शॉक अॅब्झॉर्बर उघडून अजून मीटरभर वाढते, त्याखाली माणसाची उंची, शिवाय थोडं मार्जिन, म्हणजे हूकापासून खाली साधारण 6 मीटर मोकळं लागतं. खालचा स्लॅब 4 मीटरवर असेल तर हार्नेस घालूनही माणूस आपटणार. अशा वेळी हूक डोक्याच्या वर आणि दोरी आखूड, नाहीतर सरळ रेलिंग लावा, तेच बरं.

रेस्क्यूच्या रकान्यात "अॅम्ब्युलन्स बोलवू" लिहू नका, प्लीज. लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठतं, काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं, तेव्हा त्याला कोण उतरवणार आणि कशाने ते लिहा.

सही ऑफिसात बसून घेऊ नका, परमिट देणाऱ्याला जागेवर आणा आणि एक कॉपी तिथेच लावा. वारा वाढला, पाऊस आला किंवा खाली दुसरी गँग कामाला लागली की काम थांबवायचं. संपल्यावर डक्टवरचं झाकण परत बसवून मगच परमिट बंद करायचं, काम अर्धवट राहिलं असेल तर उद्या नवीन फॉर्म.